टकल्या डोंगराकडे : मगधातले सहा दिवस

बिहारला जायचं आम्ही दोघांनी ठरवलं, पण कारणं वेगवेगळी होती. नवऱ्याला गयेत वडिलांचं पिंडदान करायचं होतं. सासूबाईंनी तसं दोन वर्षांपासून बजावून ठेवलं होतं. मला एक डोंगर बघायचा होता. गयेच्या उत्तरेला बराबर नावाच्या टेकड्या आहेत. आपल्या देशातली सगळ्यात जुनी कोरीव लेणी तिथं आहेत, आणि ती ज्या पंथासाठी कोरली त्या पंथाचा आज एकही माणूस उरलेला नाही. आजीवक त्यांचं नाव. बुद्ध आणि महावीर ज्या काळात, ज्या रस्त्यांनी फिरत होते, त्याच रस्त्यांवर यांचा पुढारी मक्खली गोसालही फिरत होता.

गोसालाचं म्हणणं एका ओळीत सांगता येतं. जे व्हायचं ते ठरलेलं आहे, माणसाच्या खटपटीनं त्यात तिळभर फरक पडत नाही. लिपीच्या वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सासरे आठवले. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. घाटात गाडी बंद पडली, पोरीचं लग्न मोडलं, डॉक्टरांनी नको ते निदान सांगितलं, तरी त्यांचं ठरलेलं वाक्य एकच : "व्हायचं ते होतं." नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाबांना तत्त्वज्ञ म्हणणारी तू पहिलीच."

पहिला दिवस, ११ जानेवारी : पाटणा

धुक्यामुळे विमान तीन तास उशिरा उतरलं. दिवसातला जो काय तुकडा उरला तो बिहार म्युझियममध्ये घालवला, आणि त्यातला निम्मा एकाच मूर्तीसमोर. दिदारगंजची यक्षी. १९१७ साली गंगेच्या काठी सापडली. उजव्या हातात चवरी, डावा हात गायब, नाकाचा शेंडा उडालेला. आणि अंगावर अशी झिलई की दिव्याखाली दगड ओला वाटतो. काही अभ्यासक तिला मौर्यकाळाच्या नंतरची मानतात, पण झिलई मौर्य धाटणीची, यावर फारसा वाद नाही. मी त्या झिलईकडे बघत होते कारण बराबरच्या गुहांतही हीच आहे, असं ऐकलं होतं. इथं मूर्तीला केलेली, तिथं म्हणे अख्ख्या खोलीला.

रात्री लिट्टी-चोखा. लिट्टी म्हणजे सातूचं पीठ भरून भाजलेला कणकेचा गोळा, चोखा म्हणजे आपलं वांग्याचं भरीतच, फक्त वर कच्चं मोहरीचं तेल. नवऱ्यानं चार लिट्ट्या खाल्ल्या आणि रात्रभर पाणी पीत बसला.

दुसरा दिवस, १२ जानेवारी : वैशाली

साडेपाच किलोमीटरचा गांधी सेतू ओलांडला. धुक्यात खाली गंगा आहे की नाही, पत्ता नाही. हाजीपूरला रस्त्याकडेला केळ्यांचे घड, पुढे लिचीच्या बागा. लिचीला मे-जूनशिवाय काही नसतं, त्यामुळे नुसतीच हिरवी झाडं.

इथल्या कोल्हुआ गावातला दगडी स्तंभ साधा आहे. एकच सिंह, उत्तरेकडे तोंड करून बसलेला. अशोकाचा लेख नाही. शेजारी विटांचा स्तूप आणि एक तळं. मला तिथं सिंहापेक्षा महाप्रजापती गौतमी जास्त आठवत राहिली. बुद्धाची मावशी आणि सावत्र आई. भिक्षुणी व्हायचं म्हणून ती कपिलवस्तूहून चालत इथं आली; पाय सुजलेले, अंगभर धूळ, दाराबाहेर रडत उभी. बुद्धानं आधी नकार दिला होता. मग त्याचा शिष्य आनंद यानं विचारलं, स्त्रीला अर्हत्पद, म्हणजे मुक्ती, मिळू शकतं की नाही? मिळू शकतं, असं उत्तर आल्यावर नकाराला जागाच उरली नाही. मग संघात घेतलं, पण आठ जाचक नियम घालून. शंभर वर्षांची भिक्षुणीही आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला आधी नमस्कार करणार, हा त्यातला पहिला. मला ते नियम अजून पचत नाहीत, पण आनंदाची ती उलटतपासणी मात्र फार आवडते.

तिथून जवळच बासोकुंड. महावीरांचं जन्मस्थान म्हणून एक जमिनीचा तुकडा इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगरला नाही. अहल्या भूमी म्हणतात त्याला, म्हणजे न नांगरलेली. आता तिथं स्मारक आहे. मला नुसती पडीक जमीन बघायला जास्त आवडलं असतं.

तिसरा दिवस, १३ जानेवारी : राजगीर

पाच डोंगरांच्या मध्ये बशीसारखं गाव. वैभार, विपुल, रत्न, उदय, सोन. सकाळी गरम पाण्याच्या कुंडावर गेलो तर गर्दीचा कहर. दुसऱ्या दिवशी संक्रांत, मेळा भरायला सुरुवात झालेली. वाफाळत्या पाण्यात नवरा अर्धा तास बसला. मी काठावर कुडकुडत लोकांच्या चपला राखल्या.

मग टांगा केला. राजगीरला टांगे अजून चालतात, आणि टांगेवाले गाईडही असतात. आमच्या टांगेवाल्यानं जरासंधाचा आखाडा, सोन्याचं भांडार, बिंबिसाराचा तुरुंग असं सगळं क्रमानं दाखवलं. सोनभांडार गुहेच्या भिंतीआड राजाचा खजिना आहे ही त्याची गोष्ट. भिंतीवरचा लेख मात्र वैरदेव नावाच्या जैन मुनीचा, तपस्व्यांसाठी गुहा कोरल्याचा. त्याला ते सांगून मी त्याच्या पोटावर पाय दिला नाही.

मला उतरायचं होतं ते जीवकाच्या आंबराईत. आता तिथं आंबा नाही, लंबगोल इमारतींचे पाये आहेत, कुंपण आहे, आणि गृध्रकूट टेकडीकडे जाणाऱ्या बसेस तिथं न थांबता हॉर्न वाजवत पुढे निघून जातात. पण जगातल्या थोर विचारवंतांची झाडाझडती घेणारी एक रात्र याच जागी झाली, असं पाली ग्रंथ सांगतात.

कार्तिकी पौर्णिमा. बापाला मारून गादीवर आलेला अजातशत्रू वाड्याच्या गच्चीवर बसलाय, झोप येत नाही. म्हणतो, अशा चांदण्यात कुणाकडे जावं, म्हणजे मनाला बरं वाटेल? सहा अमात्य सहा नावं घेतात. पूरण कस्सप, मक्खली गोसाल, अजित केसकंबली, पकुध कच्चायन, संजय बेलट्ठिपुत्त, निगंठ नातपुत्त. शेवटचे म्हणजे आपले महावीर. राजा गप्प. वैद्य जीवकही गप्प. राजानं विचारल्यावर जीवक म्हणतो, माझ्या आंबराईत बुद्ध उतरलेत.

हत्तींवरून सगळा लवाजमा निघतो आणि आंबराईजवळ आल्यावर राजाची घाबरगुंडी उडते. साडेबाराशे भिक्षू आहेत म्हणतोस आणि शिंक नाही, खोकला नाही? जीवका, मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? पापी माणसाला शांततेची भीती वाटते हे इतकं नेमकं पकडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आत गेल्यावर तो प्रश्न विचारतो, आणि प्रश्न अगदी हिशेबी राजाचा आहे. माहूत, न्हावी, आचारी, माळी, कोष्टी, सगळ्यांना आपल्या धंद्याचं फळ इथंच, डोळ्यांदेखत मिळतं. संन्याशाला काय मिळतं? बुद्ध विचारतात, हे आधी कुणाला विचारलं होतंस? राजा म्हणतो, सगळ्यांना. आणि मग तो एकेकाचं उत्तर सांगतो.

पूरण म्हणाला, गंगेच्या एका काठानं कत्तल करत जा, दुसऱ्या काठानं दानधर्म करत जा, पाप नाही आणि पुण्यही नाही. अजित माणसाच्या केसांचं कांबळं पांघरायचा; तो म्हणाला, 'नत्थि दिन्नं, नत्थि यिट्ठं, नत्थि हुतं' : दान नाही, यज्ञ नाही, आहुती नाही; मेल्यावर माती मातीत, पाणी पाण्यात. पकुध म्हणाला, सात मूळ तत्त्वं आहेत, कुणी कुणाचं डोकं उडवलं तरी तलवार फक्त त्यांच्यामधल्या फटीतून जाते. संजयानं कुठलंच उत्तर दिलं नाही. असंही म्हणत नाही, तसंही म्हणत नाही. याला पालीत अमराविक्खेप म्हणतात. अमरा म्हणजे वाम मासा. कोकणातल्या माणसाला अधिक सांगायला नको, हातात धरून बघा.

आणि गोसाल म्हणाला, 'नत्थि अत्तकारे, नत्थि परकारे, नत्थि पुरिसकारे'. स्वतःचं कर्तृत्व नाही, दुसऱ्याचं नाही, माणसाचा प्रयत्न म्हणून काही नाहीच. सुताचा गुंडा फेकला की सूत असेल तितका उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघंही आपापले जन्म फिरून शेवटी एकाच ठिकाणी सुटणार. राजाची तक्रार अशी, की आंब्याबद्दल विचारावं आणि फणसाच्या जातीतल्या कुठल्याशा फळाबद्दल ऐकून यावं, तसं झालं.

मी हे सगळं पायऱ्यांवर बसून नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे या सहा जणांचं म्हणणं सांगतंय कोण? राजा. राजाचं सांगतंय कोण? बुद्धाचे शिष्य. यांच्या बाजूनं बोलणारं कुणी आहे का?"

कुणीच नाही. निगंठांची बाजू जैन ग्रंथांत आहे, कारण जैन टिकले. बाकीचे पाच जण आपल्याला माहीत आहेत ते त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या तोंडून. गाव सोडून गेलेल्या माणसाची माहिती त्याच्या भाऊबंदांना विचारावी, तशी ही माहिती.

संध्याकाळी गृध्रकूट चढलो. वर जपानी यात्रेकरू, अगरबत्त्या, आणि माकडं. सूर्य मावळताना खालची जुन्या शहराची रिकामी बशी दिसते. याच गावच्या रस्त्यावर अस्सजी या बुद्धाच्या भिक्षूला बघून सारिपुत्त थांबला होता, जो पुढे बुद्धाचा पट्टशिष्य झाला. सारिपुत्त आणि मोग्गलान दोघंही आधी त्या वामवाल्या संजयाचे शिष्य. ते सोडून गेले तेव्हा संजयाच्या तोंडून गरम रक्त आलं, असं विनयपिटकात, म्हणजे बौद्ध संघाच्या नियमग्रंथात लिहिलंय. हेही अर्थात जिंकलेल्यांनीच लिहिलेलं.

चौथा दिवस, १४ जानेवारी : नालंदा, पावापुरी

संक्रांत. हॉटेलात नाश्त्याला दही-चुडा, म्हणजे दही-पोहे, आणि तिळकूट. तिळगूळ घ्या गोड बोला म्हणायला समोर दुसरं मराठी माणूस नव्हतं, म्हणून एकमेकांनाच म्हटलं. वाटेत सिलावला खाजा घेतला. दिसायला आपल्या चिरोट्याचा थोरला भाऊ, बावन्न पदरी असल्याची दुकानदाराची ग्वाही. पदर मोजले नाहीत, पिशवी संपली.

नालंदाच्या विद्यापीठावर सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. विटांचे राक्षसी चौथरे, ओळीनं विहार, गणवेशातल्या पोरांच्या सहली. संग्रहालयात मातीच्या छोट्या मुद्रांवर 'ये धर्मा हेतुप्रभवा' ही ओळ बघितली. अस्सजीनं राजगीरच्या रस्त्यावर सारिपुत्ताला ऐकवलेली गाथा ती हीच.

पण विद्यापीठाच्या हजार वर्षं आधी नालंदा हे राजगृहाचं उपनगर होतं. महावीरांनी राजगृह आणि नालंदा मिळून चौदा चातुर्मास काढले. त्यातल्या एकात ते इथं कोष्ट्यांच्या मागशाळेत उतरले होते आणि तिथंच गोसाल त्यांना भेटला, असं भगवतीसूत्र हा जैन ग्रंथ सांगतो. गोशाळेत जन्मला म्हणून गोसाल. बाप चित्रपट्टी दाखवत भिक्षा मागणारा, आपल्याकडच्या चित्रकथीसारखा. सहा वर्षं दोघं बरोबर फिरले. सहा वर्षं! एका वाटेवर, एकाच भिक्षेवर.

त्या वाटेवरची तिळाची गोष्ट मी खाज्याच्या दुकानातच सांगून टाकली होती. एक तिळाचं झाड फुललेलं दिसलं. गोसालानं विचारलं, हे जगेल का? महावीर म्हणाले, जगेल, आणि या सात फुलांचे जीव एका बोंडात सात तीळ होऊन येतील. गोसालानं मागे राहून गुपचूप झाड उपटून टाकलं. म्हणजे भविष्य खोटं पाडायला त्यानं पुरिसकार करून बघितलाच! पण पाऊस आला, झाडानं परत मूळ धरलं. परतताना त्यानं बोंड फोडून मोजले, सात. जैन ग्रंथांच्या मते इथून त्याचं डोकं फिरलं. मला वाटतं, कुणाचंही फिरलं असतं.

पावापुरीच्या जलमंदिरात दुपारी पोचलो. कमळांच्या तळ्यात पांढरं संगमरवरी मंदिर. थंडीत कमळं नव्हती, पाणकोंबड्या होत्या. महावीरांचं निर्वाण इथलं. अंत्यसंस्काराच्या जागची राख आणि मग माती लोकांनी चिमूट-चिमूट नेली, त्या खड्ड्याचं हे तळं झालं, अशी आख्यायिका. निर्वाणाची तिथी पाटीवर कार्तिक अमावास्या आहे. नवरा म्हणाला, चुकलंय, दिवाळीची अमावास्या आश्विनात. चुकलेलं नाही, इकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. तीच रात्र, नाव वेगळं.

तळ्याच्या कठड्यावर बसून मला महावीरांची एक उलटतपासणी आठवली, वैशालीतल्या आनंदाच्या तोडीची. सद्दालपुत्त नावाचा श्रीमंत कुंभार गोसालाचा अनुयायी होता. अंगणात मडकी वाळत घातलेली. महावीरांनी विचारलं, ही प्रयत्नानं झाली की आपोआप? तो निष्ठावान, म्हणाला, प्रयत्न कसला, व्हायची होती म्हणून झाली. बरं, कुणी ही फोडली, किंवा तुझ्या बायकोच्या अंगावर हात टाकला, तर? तर मी त्याला बदडीन. का? त्याचा काय दोष, व्हायचं होतं ते झालं ना? कुंभार महावीरांकडे आला.

"बाबांना हे कुणी विचारलं असतं तर?" मी म्हटलं.

"बाबा म्हणाले असते, मी बदडणार हेही ठरलेलंच होतं." नवरा बराच वेळ स्वतःशीच हसत होता.

यात खरा पेच वेगळाच आहे. प्रयत्नानं काही होत नाही म्हणणारे हे आजीवक नागवे राहायचे, उपास करायचे, विलक्षण कष्टाचं तप करायचे. कशासाठी? 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणारा माणूस खाटल्यावर पडून राहतो. हे लोक खाटल्यावर पडले नाहीत. त्यांचं उत्तर त्यांच्या ग्रंथांत असणार, आणि ते ग्रंथ कुणी जपले नाहीत.

पाचवा दिवस, १५ जानेवारी : गेहलौर, गया, बोधगया

राजगीरहून गयेला जाताना ड्रायव्हरनं विचारलं, "दीदी, मांझीजी का पहाड़ देखिएगा?" हे माझ्या यादीत नव्हतं, आणि नव्हतं याची आता लाज वाटते. गेहलौरच्या दशरथ मांझींनी १९६० ते १९८२, बावीस वर्षं छिन्नी-हातोड्यानं डोंगर फोडून वाट काढली. डोंगराच्या आडकाठीपायी बायकोला वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून. एकशे दहा मीटर लांब खिंड. आम्ही तिच्यातून चालत गेलो, आलो. दोन्ही बाजूंना फोडलेल्या दगडाच्या खुणा, मधून मोटारसायकली सुसाट. २००७ मध्ये ते गेले.

नवरा म्हणाला, "तुझ्या गोसालाला इथं आणायला पाहिजे होतं." मी काही बोलले नाही. गोसाल म्हणाला असता की एवढंच सूत होतं गुंड्यात, ते उलगडलं. पण त्या दगडांसमोर उभं राहून ते म्हणायला जीभ रेटली नसती.

गयेत फल्गूच्या काठी पिंडदान. सीतेच्या शापानं ही नदी वाळूखालून वाहते. पूर्वी वाळू उकरून पाणी काढायचे. २०२२ मध्ये रबराचं धरण बांधल्यापासून विष्णुपद मंदिरापाशी पाणी साठलेलं असतं. मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ मध्ये बांधलेलं, काळा दगड, मोठा मंडप. चौंडीची बाई कुठं कुठं पोचली होती, हे घरात बसून नुसतं ऐकलेलं असतं.

पंड्यांनी आधी गाव विचारलं, मग बही काढली. लांबट, लाल कापडात बांधलेली. आमच्या तालुक्याची पानं निघाली, मोडीतली दोन-चार नावंही, पण आमच्या घराण्यातलं एकही नाही. "पहिल्यांदाच आलं का घर?" त्यांनी विचारलं. बहुतेक. नवऱ्यानं वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव लिहिलं. खापरपणजोबांपाशी पेन थांबलं.

जवाच्या पिठाचे पिंड वळताना त्याचे हात थरथरत होते. मला अजित केसकंबलीचं 'नत्थि हुतं' आठवत होतं. मेलेल्याला अन्न पोचतं म्हणणारे थापाडे, असं म्हणणारा माणूस याच मगधातला. त्या दिवशी मी पाली बंद ठेवली.

संध्याकाळी बोधगया. महाबोधी मंदिराच्या मागं, पिंपळाखाली, वज्रासनापाशी इतक्या भाषांतून पठण चालू होतं की कुठलीच कळत नव्हती, आणि मग एकदम कळली. पांढऱ्या साड्यांतल्या पंधरा-वीस बाया, भंडारा-नागपूरकडच्या. जय भीम झालं, मग गाव-शिव, मग पोहे किती दिवसांत खाल्ले नाहीत यावर चर्चा. त्यातल्या एका मावशींनी देवळाच्या कारभाराची तक्रार केली : १९४९ च्या कायद्यानं व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि वर जिल्हाधिकारी, कारभार पुरा बौद्धांकडे हवा, ही त्यांची जुनी मागणी. आम्ही कुठं कुठं जातोय विचारलं म्हणून मी बराबर सांगितलं, आजीवक सांगितले, नियती सांगितली.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाई, नशीब मानलं असतं ना, तर आम्ही अजून गावकुसाबाहेरच राहिलो असतो."

बुद्धाचं गोसालाबद्दलचं सगळ्यात कडक वाक्य अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे. विणलेल्या वस्त्रांत केसांचं कांबळं सगळ्यात टाकाऊ, थंडीत थंड, उन्हात गरम, वर घाण वास. तसं सगळ्या मतांत मक्खलीचं मत टाकाऊ. इतके दिवस मला हे वाक्य प्रतिस्पर्ध्याचा राग वाटायचं. मावशींसमोर बसून तसं वाटेना.

सहावा दिवस, १६ जानेवारी : बराबर

गयेतून सकाळी निघालो. बराबर करून तसंच पाटण्याला जायचं. तिळकुटाचा एक मोठा डबा घेतला. गयेचं तिळकूट भट्टीवरच मोगरीनं कुटतात, दुकानाबाहेर ठोक्यांचा ताल चालू असतो.

पठारातून उठलेल्या उघड्याबोडक्या टेकड्या. मौर्य लेखात यांचं नाव खलतिक पर्वत, म्हणजे टकला डोंगर. नावं ठेवणाऱ्याची नजर आपल्या गावकऱ्यांसारखीच.

आधी लोमस ऋषी गुहेचं दार दिसतं आणि मराठी माणूस जागीच थांबतो. हे तर भाजे! कार्ले! पिंपळपानासारखी ती कमान, लाकडी घराच्या वाशांची दगडात केलेली नक्कल. वर हत्तींची रांग स्तूपांकडे निघालेली. सह्याद्रीत आपण शेकडो लेण्यांत जी कमान बघतो तिचं हे सगळ्यात जुनं उरलेलं रूप. आत मात्र छत अर्धवट, दगड तडकला म्हणून काम सोडलेलं असावं. मौर्यकालीन लेखही नाही. नंतरच्या मौखरी राजा अनंतवर्म्यानं दारावर संस्कृत लेख घालून इथं कृष्णमूर्ती बसवल्याचं लिहिलंय.

शेजारची सुदामा गुहा. रखवालदारानं कुलूप काढलं. बाहेरून काहीच नाही, नुसता खडक आणि वर निमुळतं होत गेलेलं दार. आत लांबट खोली, तिच्या टोकाला गोल झोपडी, तीही खडकातच, वळचणीसकट. मोबाइलचा दिवा लावला आणि भिंतीत आम्ही दोघं दिसलो. ग्रॅनाइटचा आरसा. म्युझियममध्ये यक्षीच्या अंगावर होती ती झिलई इथं भिंतीला, वाशाला, डोक्यावरच्या गोल छताला.

दारापाशी ब्राह्मीतल्या दोन ओळी. मी बोट न लावता, अक्षर अक्षर लावत वाचलं : लाजिना पियदसिना दुवाडसवसाभिसितेना इयं निगोहकुभा दिना आजीविकेहि. अभिषेकाला बारा वर्षं झालेल्या प्रियदर्शी राजानं, म्हणजे अशोकानं, ही वडाची गुहा आजीवकांना दिली. मागधीत र नाही, ल आहे. जगातला एवढा मोठा राजा इथं 'लाजा' होतो. नवऱ्याला ते फार आवडलं. राजा स्वतः बौद्ध, आणि गुहा देतोय, ज्याचं मत कांबळ्यासारखं टाकाऊ ठरलं त्या गोसालाच्या अनुयायांना.

रखवालदार म्हणाला, बोलिए कुछ. नवरा "बाबा" म्हणाला. शब्द परत आला नाही. नुसता घुमार आला, कितीतरी वेळ, शब्द विरघळून उरलेला. त्यानं परत हाक मारली नाही.

डोंगराच्या दुसऱ्या अंगाला विश्वझोपडी. पुढची खोली गुळगुळीत, आतली तशीच ओबडधोबड राहिलेली. लेख जवळपास तोच, डोंगराच्या नावासकट. फक्त शेवटचा शब्द, 'आजीविकेहि', छिन्नीनं टोचलेला. बाकी एकाही अक्षराला हात नाही. टोचणाऱ्याला ब्राह्मी वाचता येत होती, आणि कुणाचं नाव पुसायचं हे पक्कं ठाऊक होतं. पण मूळ अक्षरं इतकी खोल कोरलेली की तिरपा उजेड टाकला की शब्द उभा राहतो.

"तरी वाचता येतंय की," नवरा म्हणाला.

इथल्या लोकांच्या लेखी या गुहा सुदाम्याच्या, कर्णाच्या, लोमस ऋषींच्या. रखवालदाराला विचारलं, आजीवक कोण? तो म्हणाला, "वही जो लिखा है."

नागार्जुनी टेकडी थोडी पलीकडे. गोपी गुहेच्या पायऱ्या चढताना दम लागला. अशोकाचा नातू दशरथ यानं या टेकडीवरच्या तीन गुहा आजीवकांना पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी दिल्या, 'आ चंदमसूलियं', चंद्रसूर्य असेतोवर. आपल्याकडच्या शिलालेखांतही हीच भाषा असते. अनंतवर्म्यानं पुढे या गोपी गुहेतच देवी कात्यायनीची मूर्ती बसवली, म्हणजे तोवर चंद्रसूर्य होते, आजीवक नव्हते. दक्षिणेत ते चौदाव्या शतकापर्यंत कुठं कुठं तग धरून होते.

परतताना मखदुमपूरच्या अलीकडे टायर फुटला. आजूबाजूला मोहरीची पिवळी शेतं, चिटपाखरू नाही. ड्रायव्हरनं जॅक काढला, त्याचा दांडा फिरेना. पाटण्याहून विमान सहा तासांवर. मी तिळकुटाचा डबा उघडून बांधावर बसले.

नवऱ्यानं घड्याळ बघितलं, आभाळाकडे बघितलं. "नत्थि पुरिसकारे," तो म्हणाला, उच्चार अगदी माझ्यासारखा. मग बाह्या वर सारून ड्रायव्हरशेजारी मातीत उकिडवा बसला आणि दांड्याला हात घातला.